डाकघर निर्यात केंद्र : नऊ महिने आणि एक दिवाळी

माहीमच्या कंदील गल्लीत आमचा सीझनचा स्टॉल लागतो. गणपती गेले की बांबू आणायचा, खळ शिजवायची आणि लक्ष्मीपूजनाच्या दुपारी उरलेला माल पडत्या भावात काढायचा, असं बरीच वर्षं चाललंय. गेल्या दोन-तीन वर्षांपासून बाहेरून मेसेज यायला लागले. कोणाची लेक मेलबर्नला, कोणाचा भाऊ न्यू जर्सीत. खणाचा कंदील हवा, तिकडे पाठवाल का? खासगी कुरिअरवाल्याकडे चौकशी केली तर भाडं कंदिलापेक्षा जास्त. तो लांबी-रुंदी-उंची गुणून पाच हजारांनी भागतो आणि त्याला वजन म्हणतो. आमचा माल म्हणजे चौकटीत भरलेली हवाच, त्यामुळे तिथलं वजन ऐकून जाऊबाई म्हणाल्या, यात मीसुद्धा बसेन.

या, म्हणजे २०२५ च्या, मार्चमध्ये टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्राबद्दल, म्हणजे टपालाने माल परदेशी विकायला पाठवायच्या सोयीबद्दल, कळलं. डिसेंबर संपत आलाय, तेव्हा आता नीट सांगता येईल. ज्यांचा माल पार्सलएवढा आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. कंटेनर भरणाऱ्यांनी आपापले एजंट गाठावेत.

आधी कागद. परदेशी व्यापार महासंचालनालयाचा आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर लागतो. फी ५०० रुपये, अर्ज घरबसल्या आणि नंबर म्हणजे आपलाच पॅन. मरीन लाइन्सच्या निष्ठा भवनातल्या त्यांच्या कार्यालयाची पायरीही चढावी लागली नाही. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात साइटवर जाऊन माहिती कायम आहे असं कळवावं लागतं, त्याला पैसे पडत नाहीत. पण विसरलात तर नंबर बंद पडतो. मी फोनमध्ये दोन गजर लावलेत. जीएसटी नोंदणी आमच्या सीएंनी करायला लावली आणि सोबत एलयूटी (कर न भरता निर्यात करायची हमी) भरून घेतली, म्हणजे बाहेर जाणाऱ्या मालावर आधी कर भरून मग परतावा मागायची भानगड नको. ती एका आर्थिक वर्षापुरतीच चालते.

सगळ्यात जास्त दिवस बँकेत गेले. बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर, हवा होता. आमच्या शाखेतल्या मुलाने तो शब्द पहिल्यांदाच ऐकला असावा. त्याने मला आधी आयएफएससी लिहून दिला, मग मोठ्या शाखेत पाठवलं. पुढे सिंगापूरहून पहिले पैसे आले तेव्हा तिथे पर्पज कोड, म्हणजे पैसे कशासाठी आले ते सांगणारा कोड, चुकला आणि रक्कम कुटुंबाच्या निर्वाहासाठी आलेली म्हणून नोंदली गेली. सिंगापूरच्या एक अनोळखी बाई माझा घरखर्च चालवतात असं आठ दिवस सरकारदरबारी होतं. मालाच्या आगाऊ पैशाचा कोड पी०१०३. तो कागदावर लिहूनच बँकेत जा.

आता केंद्राचं. प्रत्येक टपाल कार्यालयात ते नसतं. मी पहिल्या दिवशी पिशवी घेऊन सरळ घराजवळच्या कार्यालयात गेले आणि तशीच परत आले, चूक माझीच. देशभर अशी हजाराहून जास्त केंद्रं आहेत, पण आपलं कुठलं ते आधी पाहावं. पोर्टलवर खातं उघडायचं, पोस्टल बिल ऑफ एक्सपोर्ट हा कस्टमचा निर्यातीचा फॉर्म घरीच भरायचा, लेबल छापून चिकटवायचं आणि पार्सल केंद्रावर द्यायचं. तिथून ते बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनात जातं, कस्टम तिथे तपासतं आणि काही शंका असेल तर ती आपल्याला पोर्टलवरच दिसते. २०२२ च्या डिसेंबरात कस्टमने नियम बदलून हे बिल इलेक्ट्रॉनिक केलं, म्हणून हे जमतंय. नऊ महिन्यांत मला बॅलार्ड इस्टेटला एकदाही जावं लागलं नाही. हीच या योजनेची खरी कमाई आहे. स्टॉल आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या बाईचा अर्धा दिवस वाचतो.

शंका एकदाच आली, तीही माझ्याच आळसामुळे. मालाच्या वर्णनात मी नुसतं ‘कंदील’ लिहिलं होतं. कंदील म्हणजे काय? विजेचा? रॉकेलचा? मग एचएसएन कोडवर, म्हणजे माल कुठल्या गटातला ते सांगणाऱ्या आकड्यावर, सीएंशी तासभर खल झाला. ९४०५ म्हणजे दिवे आणि त्यांची साधनं, ९५०५ म्हणजे सणासमारंभाचं सामान. आत दिवाच नाही तर दिव्यात कसा घालायचा, म्हणून त्यांनी दुसऱ्या गटात घातला. तेव्हापासून मी ‘कापडी घडीचा सजावटीचा कंदील, विजेच्या जोडणीशिवाय’ असं पूर्ण लिहिते. बॅटरीची माळ कितीही मागितली तरी आत घालत नाही.

काउंटरवरच्या काकांबद्दल लिहिलंच पाहिजे. दुसऱ्या खेपेला त्यांनी खोका हातात घेऊन हलवला, कानाशी धरला आणि म्हणाले, “ताई, यात कंदील कमी आणि खोका जास्त आहे.” काट्यावर ठेवलं तर खरंच, कंदील २४० ग्रॅम आणि खोका, थर्माकोल, चिकटपट्टी मिळून साडेतीनशे. इथे माझ्याकडून काट्यावरच्या वजनाचेच पैसे घेतले जातात, त्यामुळे पुठ्ठ्याचाही हिशोब लागतो. त्याच आठवड्यात आम्ही कंदील मोडला आणि नव्याने बांधला. चौकट काढली, वर, मध्ये, खाली अशी तारेची तीन कडी आणि त्यांवर खण शिवलेला. दाबला की पापडाएवढा चपटा होतो, सोडला की उभा राहतो. झिरमिळ्या वेगळ्या पाकिटात. आता जाड कागदी लिफाफ्यात जातो आणि ट्रॅकिंग असलेल्या साध्या पॅकेट सेवेत बसतो. सिंगापूरला पाठवायचा खर्च कुरिअरच्या पाव भागावर आला.

तारेची कडी यायला आणखी एक कारण होतं. मेलबर्नचा पहिला कंदील बांबूच्या काड्यांचा होता. ऑस्ट्रेलियात लाकूड-बांबू, बिया, गवत यांबाबत फार कडक आहेत, किडीच्या भीतीने. पार्सल तिकडे अडलं आणि गिऱ्हाइकाला नोटीस गेली : स्वखर्चाने प्रक्रिया करून घ्या, परत पाठवा किंवा नष्ट होऊ द्या. त्या मुलीने नष्ट करा असं कळवलं आणि मला फक्त रडकी स्मायली पाठवली. पैसे मी परत केले.

इथेच माझं मुख्य म्हणणं येतं. केंद्राची मदत विमानापर्यंत आहे आणि तिथपर्यंत ती चोख आहे. उतरल्यावर काय, ते आपलं आपण शिकायचं. जर्मनीतल्या एका ताईंकडे पार्सल वेळेत पोचलं, पण दारात पोस्टमनने व्हॅट आणि वर हाताळणीचे पैसे मागितले. युरोपीय संघात २२ युरोपर्यंतच्या मालाला असलेली व्हॅटची सूट १ जुलै २०२१ पासून गेली. हे मला त्या ताईंच्या रागावलेल्या मेसेजमधून कळलं. फॉर्म कसा भरायचा हे काकांना तोंडपाठ आहे, पण म्युनिकच्या दारात काय होईल हे त्यांनी सांगावं ही अपेक्षा चूक आहे. कोणीतरी सांगावं, ही मात्र नाही.

आणि मग अमेरिका. आमच्या दिवाळीच्या बाहेरच्या ऑर्डरी बहुतेक तिकडच्याच. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलना असलेली जकातमाफी त्यांनी २९ ऑगस्टपासून काढली, आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडचं बहुतेक बुकिंग थांबवलं आणि महिनाअखेरीस ते पूर्णच बंद झालं. गणेशचतुर्थी २७ तारखेला. मोदकांच्या गडबडीत मी नऊ जणांना तेच ते लिहीत होते. कुरिअर सुरू होतं, पण जकात अधिक त्यांची दलाली धरली तर कंदील सोन्याचा झाला असता. सहा जणांचे पैसे परत केले, तिघी थांबते म्हणाल्या. खण आधीच घेऊन ठेवलेला होता, तो घरातल्या ट्रंकेवर गठ्ठा होऊन बसला. शेवटी त्यातले बरेचसे कंदील गल्लीतच विकले.

टपाल १५ ऑक्टोबरला परत सुरू झालं. तेव्हा, २०२५ च्या ऑक्टोबरात, जकात इथेच, बुकिंगच्या वेळी भरायची होती, जाहीर किमतीच्या ५० टक्के. १,६०० च्या कंदिलावर ८०० रुपये. एक बरं, तिकडे दारात कोणी पैसे मागणार नव्हतं. आकडा ऐकून एक जण गळाली. उरलेल्या दोघींचे कंदील वसुबारसेला, १७ तारखेला, बुक केले. लक्ष्मीपूजन २१ ला होतं.

पाचपैकी किती, असं विचाराल तर चार देईन. बारमाही, कमी वजनाचा, न नासणारा माल असेल तर डोळे झाकून जा. मुहूर्ताचा माल असेल तर दिवाळीच्या ऑर्डरी श्रावणातच बंद करा. मी पुढच्या वर्षी नारळीपौर्णिमेनंतर एकही घेणार नाही. सध्या गुढीपाडव्यासाठी घडीच्या छोट्या गुढ्यांचा नमुना चाललाय. काठी बांबूची चालणार नाही, म्हणून जाऊबाई ॲल्युमिनियमची नळी घेऊन बसल्यात आणि नळीला गुढी म्हणायला त्यांचा जीव होत नाही.

वसुबारसेच्या दोनपैकी एक कंदील न्यू जर्सीतल्या एडिसनला तुळशीची लग्नं आटोपल्यावर पोचला. त्या काकूंनी देवदिवाळीला, मार्गशीर्षाच्या प्रतिपदेला, फोटो पाठवला. बाल्कनीत कंदील, खाली पानगळीचा ढीग आणि शेजाऱ्यांनी आधीच लावलेलं नाताळचं झाड. “तुमचा कंदील लवकर आलाय की उशिरा, हे इथे कोणाला कळत नाही,” असं त्यांनी खाली लिहिलं होतं.