कमेंटला इनबॉक्समध्ये उत्तर: हाताने द्यावं, मेटाच्या मोफत सोयीने की पैसे भरून घेतलेल्या टूलने?

इन्स्टाग्राम-फेसबुकवरच्या दुकानाच्या पोस्टखाली 'रेट?', 'किंमत सांगा', 'पीपी' (म्हणजे 'प्राइस प्लीज'), 'कुठे मिळेल?' अशा कमेंट पडत राहतात. त्याच वेळी दुकान सांभाळणारा माणूस गिऱ्हाइकासमोर, कढईसमोर नाहीतर कुरिअरच्या रांगेत असतो. संध्याकाळी निवांत फोन हातात येईपर्यंत विचारणाऱ्याने दुसरीकडे ऑर्डर देऊन टाकलेली असते. त्यामुळे कमेंट पडली की त्या माणसाला इनबॉक्समध्ये आपोआप मेसेज जावा, असं वाटणं अगदी रास्त आहे. ठरवायचं आहे ते एवढंच, की हे काम कशाकडून करून घ्यायचं आणि त्याच्यावर किती सोपवायचं.

मार्ग तीन. पहिला, हाताने उत्तर द्यायचं आणि जोडीला इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्यातली 'सेव्ह्ड रिप्लाय'ची, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरांची सोय वापरायची. दुसरा, फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाच्या 'बिझनेस सूट' या मोफत सोयीतल्या इनबॉक्समधलं ऑटोमेशन, म्हणजे आपोआप उत्तर, ज्यात 'कमेंटवरून मेसेज' असा पर्याय असतो. तिसरा, मेनीचॅटसारखं बाहेरचं टूल, जे मेटाच्या अधिकृत दारातूनच आत येतं आणि दरमहा पैसे घेतं. चौथाही एक मार्ग बाजारात फिरतो, पण त्याचं शेवटाकडे बघू.

आधी नियम, कारण ते टूल विकणारे सांगत नाहीत

आपोआप जाणाऱ्या खासगी उत्तराचे नियम मेटाने ठरवलेले आहेत. टूल स्वस्त असो की महाग, ते बदलत नाहीत. एका कमेंटला एकच खासगी उत्तर जातं आणि तेही कमेंट पडल्यापासून ७ दिवसांच्या आत. इन्स्टाग्राम लाइव्हवरच्या कमेंटला तर लाइव्ह चालू असेपर्यंतच. त्या पहिल्या मेसेजला समोरच्याने उत्तर दिलं किंवा त्यातलं बटण दाबलं, की २४ तासांची खिडकी उघडते आणि तेवढ्या वेळात तुम्ही पुढचे मेसेज पाठवू शकता. म्हणजे 'काल कमेंट केली होती, आज आठवण करून देऊ' हा बेत समोरचा काहीच बोलला नसेल तर चालत नाही.

दुसरी गोष्ट जास्त नुकसान करते. कमेंट करणारा तुम्हाला फॉलो करत नसेल, तर तुमचं उत्तर त्याच्या मुख्य इनबॉक्समध्ये न पडता रिक्वेस्टच्या कप्प्यात जातं आणि तो कप्पा बरेच लोक उघडतच नाहीत. नवं गिऱ्हाईक बहुतेक वेळा फॉलो न करणाराच असतो. म्हणून मेसेज गेल्यावर कमेंटखालीही दोन शब्द लिहावेत, 'मेसेज पाठवलाय, रिक्वेस्टमध्ये बघा' असे. तिन्ही मार्गांत मला ही पायरी अनिवार्य वाटते. बाहेरची टूल ही ओळ आपोआप टाकतात, पण मजकूर चार-पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून ठेवा. एकाखाली एक तीच ओळ चाळीस वेळा दिसली की पोस्ट निर्जीव वाटायला लागते.

खातं प्रोफेशनल, म्हणजे बिझनेस किंवा क्रिएटर असावं लागतं. इन्स्टाग्रामसाठी फेसबुक पेज जोडलेलंच असलं पाहिजे, ही अट २०२४ मध्ये मेटाने इन्स्टाग्राम लॉगिनवर चालणारा मार्ग काढल्यापासून सगळीकडे राहिलेली नाही. तरीही बिझनेस सूट पुरेपूर वापरायचं असेल तर पेज जोडलेलं बरं. टूल जोडूनही मेसेज जात नसतील, तर इन्स्टाग्रामच्या मेसेज सेटिंगमध्ये 'कनेक्टेड टूल्स'ला मेसेज बघायची परवानगी दिली आहे का, ते आधी तपासा.

'किती सुंदर!' आणि किमतीचा मेसेज

तिन्ही मार्गांतला खरा फरक मराठी कमेंटवर दिसतो. इंग्रजीतून टूल शिकवणारे व्हिडिओ या बाबतीत काहीच कामाचे नाहीत.

ऑटोमेशन शब्द पकडतं. तुम्ही सांगता, कमेंटमध्ये अमुक शब्द आला की हा मेसेज पाठव. आता मराठी दुकानदार साहजिकच 'दर', 'किती', 'किंमत', 'रेट' हे शब्द टाकतो. टूल जर 'शब्द कुठेही सापडला तरी चालेल' अशा पद्धतीने शोधत असेल, तर 'सुंदर'च्या पोटात 'दर' सापडतो. 'दरवर्षी तुमच्याकडूनच घेतो' यातही सापडतो. 'किती छान!' लिहिणाऱ्या आजींना दरपत्रक जातं. रोमन लिपीतला 'रेट' हा 'सेलिब्रेट' आणि 'डेकोरेट' या शब्दांतही बसलेला आहे. आणि 'किती सुंदर!' ही साधी दाद तर दोन्हीकडून सापळ्यात अडकते.

उलट बाजूने, ज्यांना खरंच किंमत हवी आहे ते 'किमत', 'किंम्मत', 'कितीला', 'केवढ्याला', 'काय भाव' असं लिहितात. रोमनमध्ये तर एक 'एम' घालून, दोन घालून, शेवटचा 'ए' ठेवून किंवा खाऊन. यातलं एकही रूप यादीत नसेल, तर गरजू गिऱ्हाईक कोरडं राहतं.

हाताने उत्तर देणाऱ्याला ही अडचणच नाही, माणूस हेतू वाचतो. बिझनेस सूटमध्ये थोडेफार शब्द देता येतात, पण गुंतागुंतीच्या अटी लावायला तिथे फारसा वाव नाही. शिवाय प्रत्येक खात्यात सगळे पर्याय सारखे दिसत नाहीत, म्हणून आधी स्वतःच्या खात्यात उघडून बघा. बाहेरच्या टूलचं पारडं इथे जड होतं. एका पोस्टसाठी एक नियम, शब्दांची लांब यादी, वगळायचे शब्द, संपूर्ण शब्द जुळला तरच मेसेज, असं बरंच काही त्यांत करता येतं. पण ती यादी मराठी माणसाने बसून करायला हवी. आपल्याच जुन्या पोस्टखालच्या कमेंट वाचत वाचत ती उत्तम होते, कारण तुमचं गिऱ्हाईक कसं लिहितं हे तिथे लिहिलेलंच असतं.

यावर सोपा तोडगा म्हणून लोक 'कमेंटमध्ये फराळ लिहा, आम्ही यादी पाठवतो' असा ठरलेला शब्द देतात. इन्स्टाग्रामवर ते चालून जातं. फेसबुकवर मात्र जपून. कमेंट, शेअर, टॅग यांची उघड मागणी करणाऱ्या पोस्ट खाली ढकलायला फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच सुरुवात केली आहे.

दर बदलतो तेव्हा

रत्नागिरी-देवगडकडच्या हापूस विक्रेत्याचं उदाहरण घ्या. गुढीपाडव्याच्या सुमारास पेटीचा जो दर असतो तो मे महिन्यात राहत नाही. आवक वाढते, वाशीच्या बाजार समितीतला भाव उतरतो, पेटी चार डझनांची की सहाची यावर हिशेब फिरतो. पाडव्याला लिहिलेला आपोआप मेसेज कुणी बदलला नाही, तर तो मे महिन्यातही चढा भावच सांगत बसतो. विचारणारा मुकाट्याने दुसऱ्याकडे जातो आणि विक्रेत्याला हे कळतही नाही, कारण टूलच्या आकड्यांत मेसेज 'पोचला' म्हणूनच दिसतो.

अशा धंद्यात आपोआप मेसेजमध्ये आकडा लिहूच नये. 'आजचा दर सांगतो, किती डझन आणि कोणत्या गावी हवेत तेवढं लिहा' एवढंच जावं. समोरच्याने उत्तर दिलं की २४ तासांची खिडकी उघडते आणि पुढचं बोलणं माणसाने करावं. एवढ्या कामाला बिझनेस सूट पुरतं, महिन्याचे पैसे भरायची गरज नाही.

येवल्याच्या पैठणीत वेगळाच पेच आहे. हातमागावरची साडी अनेकदा एकच नग असते. ती विकली गेली तरी पोस्ट तिथेच राहते, कमेंट पडत राहतात आणि ऑटोमेशन विकलेल्या साडीची किंमत वाटत राहतं. हातमाग की यंत्रमाग, जरीचा धागा कोणता, पदर केवढा, हे प्रश्न लगेच मागे येतात आणि त्यांना ठरीव उत्तर देता येत नाही. इथे हाताने उत्तर हाच मार्ग. सेव्ह्ड रिप्लायमध्ये धुण्याची काळजी, पाठवण्याची पद्धत, पैसे भरायची रीत एवढं लिहून ठेवलं की निम्मं टायपिंग वाचतं, आणि साडीबद्दल मात्र साडी ओळखणारं माणूस बोलतं.

टूलचे पैसे वसूल होतात ती जागा

दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणाऱ्यांकडे बघा. न्यू जर्सीतली मराठी गृहिणी तिच्या संध्याकाळी कमेंट करते तेव्हा इथे पहाट झालेली असते. तिचे प्रश्न ठरलेले असतात: किलोचा दर, पाठवणीचा खर्च, शेवटची तारीख, पोचायला किती दिवस. या उत्तरांत हंगामभर फरक पडत नाही, कमेंटचा लोंढा थोड्याच आठवड्यांत येतो आणि उत्तर द्यायचं तेव्हा माणसं झोपलेली असतात. इथे बाहेरचं टूल घ्यावं, असं मी ठामपणे सांगेन. पहिल्या मेसेजमध्ये 'भारतात', 'अमेरिकेत', 'इतर देशांत' अशी तीन बटणं ठेवावीत आणि ज्याला जे हवं त्याला तेच दरपत्रक जावं. बटण दाबलं की खिडकी उघडतेच. क्लासचं वेळापत्रक, कार्यशाळेची नोंदणी, ट्रेकचा कार्यक्रम असा सगळ्यांना एकच मजकूर द्यायचा असतो, तिथेही हेच लागू.

खर्चाचं म्हणाल तर या टूलचं शुल्क साधारणपणे संपर्कांच्या संख्येवर चढतं. रील गाजली की ऑर्डर वाढोत न वाढोत, बिल वाढतं. परदेशी कंपनी असेल तर पैसे डॉलरमध्ये जातात आणि कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार बँकेकडून सुरू करून घ्यावे लागतात. हंगामी धंद्याने वर्षाचं पॅकेज सवलत दिसली म्हणून घेऊ नये, दोन महिने भरून बंद करावं. आणि बंद करण्याआधी संपर्कांची यादी उतरवून ठेवावी. ती यादी म्हणजे लोकांचे फोन आणि पत्ते आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची दिशा स्पष्ट आहे, ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामाला वापरायची. फराळासाठी दिलेल्या नंबरवर उद्या प्लॉटच्या जाहिराती पाठवणं कायद्यातही बसत नाही आणि माणुसकीतही.

काही टूल 'आधी फॉलो करा, मगच लिंक' असा अडसर घालायची सोय देतात. दुकानांनी ती वापरू नये, असं माझं मत आहे. किंमत विचारणारा माणूस खिशात हात घालून उभा आहे, त्याला दारात अडवायचं कशाला?

बिझनेस सूट आणि बाहेरचं टूल दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नका. एका कमेंटला एकच खासगी उत्तर जाणार, ते दोघांपैकी कुणाचं जाईल हे तुमच्या हातात राहत नाही.

तक्रार आली तर

'चकली तुटलेली आली' अशी कमेंट पडते. यादीत 'चकली' हा शब्द आहे. तक्रार करणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये चकलीचं दरपत्रक जातं आणि खाली सगळ्यांसमोर 'धन्यवाद, मेसेज पाठवलाय' झळकतं. यापेक्षा काहीच उत्तर न गेलेलं परवडलं. पदार्थाचं नाव हा पकडायचा शब्द म्हणून कधीच टाकू नका. टूलमध्ये 'तुटले', 'खराब', 'मिळाले नाही', 'परत', 'पैसे' हे शब्द वगळण्याच्या यादीत घाला आणि अशी कमेंट आली की फोनवर सूचना येईल असं बघा. बिझनेस सूटवर असाल तर ऑटोमेशन नेमक्या विक्रीच्या पोस्टपुरतंच ठेवा. हाताने उत्तर देणाऱ्याचा हा मोठा फायदा आहे, तो तक्रार वाचतो आणि आधी माफी मागतो.

एआयवर चालणारी उत्तरंही आता या टूलमध्ये मिळतात. हेतू ओळखण्यात ती शब्दांच्या यादीपेक्षा सरस ठरतात, 'किती सुंदर'ला सहसा फसत नाहीत. पण न सांगितलेली सवलत किंवा चुकीची तारीख ती तितक्याच ठामपणे सांगू शकतात, आणि दिलेला शब्द तुमच्या नावावर जमा होतो. कमेंट ओळखायला ती ठेवा, दर आणि तारखा मात्र तुम्ही लिहिलेल्याच जाऊ द्या.

चौथा मार्ग म्हणजे तुमच्या इन्स्टाग्रामचा पासवर्डच मागणारी स्वस्त अ‍ॅप. त्यांच्याकडे वळूही नका. अधिकृत टूल मेटाच्या लॉगिन पानावर नेतं, परवानग्या दाखवतं आणि पासवर्ड स्वतःकडे घेत नाही. पासवर्ड घेणारी अ‍ॅप नियमाबाहेर चालतात, आणि खातं बंद पडलं तर वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक त्याच्याबरोबर जातं.

मग काय घ्यावं?

दिवसाला येणाऱ्या कमेंटना तुम्ही संध्याकाळी बसून उत्तर देऊ शकत असाल तर हातानेच द्या. कमेंट जास्त पण उत्तर रोज बदलणारं असेल तर बिझनेस सूट, आणि मेसेज फक्त स्वागताचा. उत्तर ठरलेलं, लोंढा मोठा आणि वेळ अवेळी असेल तर टूल, तेही हंगामापुरतं. कोकणातल्या घरगुती निवासासारख्या धंद्यात, जिथे प्रत्येकाची तारीख, माणसं आणि जेवण वेगळं असतं, तिथे इनबॉक्समध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसची लिंक देऊन बोलणं तिकडे नेलेलं सोयीचं पडतं.

काहीही निवडलंत तरी ज्याची किंमत ठरलेली आहे त्याची किंमत आधी पोस्टच्या मजकुरातच लिहा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हेही एकूण किंमत उघड दाखवण्याच्याच बाजूचे आहेत. किंमत लिहिली की निम्म्या 'रेट?' कमेंट पडणारच नाहीत, आणि ज्या पडतील त्या घ्यायला आलेल्यांच्या असतील. मग एकाच पोस्टवर ऑटोमेशन लावा, घरातल्या दुसऱ्या कुणाच्या, फॉलो न करणाऱ्या खात्यावरून 'किती सुंदर' आणि 'कितीला' अशा दोन्ही कमेंट टाकून बघा, आणि दोन्हीकडे काय पोचतं ते त्यांच्याच फोनवर वाचा.