'आय ॲम वर्किंग सिन्स' की 'आय हॅव बीन वर्किंग सिन्स'?

मुलाखतीत विचारतात, इथे कधीपासून आहात? मनात मराठी वाक्य तयार असतं, '2019पासून इथेच काम करतोय', आणि तोंडातून निघतं, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स 2019.' आपल्याकडे हे सगळ्यांना समजतं, कुणी अडवत नाही. पण प्रमाण इंग्रजीत ते चूक आहे, आणि परीक्षेत त्याचे गुण जातात. ही चूक आळशीपणाची नाही. मराठीतलं 'करतोय' आत्ताचं कामही सांगतं आणि पाच वर्षांपासूनचंही. जर्मन आणि फ्रेंच लोकही अशा जागी वर्तमानकाळच वापरतात, त्यामुळे इंग्रजी शिकताना तेही इथेच अडखळतात.

म्हणून पहिली निवड सोपी. काम अजून चालू आहे आणि वाक्यात 'पासून' किंवा 'गेली इतकी वर्षं' आहे, तर 'ॲम वर्किंग' सोडा, 'हॅव बीन वर्किंग' घ्या. सुरुवात सांगायची तर 'सिन्स 2019', कालावधी सांगायचा तर 'फॉर फाइव्ह इयर्स'. 'सिन्स फाइव्ह इयर्स' कधीच नाही. नोकरी सोडली असेल तर सरळ भूतकाळ, 'आय वर्क्ड देअर फॉर थ्री इयर्स.'

खरी ओढाताण पुढे आहे, 'हॅव पेंटेड' की 'हॅव बीन पेंटिंग'? समजा दार रंगवून तुम्ही आत आलात. 'आय हॅव पेंटेड द डोअर' म्हणालात, तर ऐकणारा दाराकडे बघेल: झालं वाटतं! 'आय हॅव बीन पेंटिंग द डोअर' म्हणालात, तर तो तुमच्या हातांकडे बघेल, कोपरापर्यंत निळा रंग, नखांत टर्पेंटाइनचा वास. दार अर्धं राहिलं असेल, तरी वाक्य खरंच. पहिल्यात काम पुरं झाल्याची बातमी आहे, दुसऱ्यात तुमचा वेळ कशात गेला ते आहे. मला हा फरक इंग्रजीतला फार सुंदर वाटतो. म्हणूनच किती वेळा केलं याचा आकडा आला की साधा परफेक्ट, म्हणजे 'हॅव पेंटेड'सारखं रूप, लागतो: 'आय हॅव कॉल्ड यू थ्री टाइम्स.' सकाळपासून सारखा लावतोय, हे सांगायचं तर 'आय हॅव बीन कॉलिंग यू सिन्स धिस मॉर्निंग.'

मराठीतही याच्या जवळचं एक रूप आहे: 'मी गेली दहा वर्षं हेच सांगत आलोय.' तुमचं वाक्य '-त आलोय' करून बघा. बसलं, तर बहुतेक वेळा 'हॅव बीन' चालतं. एका जागी मात्र ही युक्ती फसते. मैत्रिणीचे डोळे लाल दिसले तर आपण विचारतो, 'रडत होतीस का?' रडणं थांबलंय, पण खूण समोर आहे, म्हणून इंग्रजीत 'हॅव यू बीन क्रायिंग?'

'लिव्ह' आणि 'वर्क' यांना दोन्ही रूपं चालतात, तिथे डोकं शिणवू नका. 'नो' म्हणजे ओळखणं, याला मात्र 'इंग' लावायचं नाही: 'आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स.'

आणि बोलताना 'आय... हॅव... बीन' असं सुटं सुटं म्हणू नका. 'आयव्ह बिन' एका दमात म्हणा, जोर पुढच्या क्रियापदावर द्या. आधी स्वतःच्या नोकरीचं, घराचं, शिकण्याचं अशी तीनच खरी वाक्यं मोठ्याने म्हणून बघा.