आधी खुर्ची की आधी स्टँड?

घरून काम करणाऱ्या कुणाचीही पाठ धरली की मला विचारणा होते, 'कोणती खुर्ची घेऊ?' मी उलट विचारते, दुखतंय नेमकं कुठं?

मान आणि खांदे भरून येत असतील, तर आधी लॅपटॉप स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्या. साधे घेतले तर तिन्ही मिळून दोन हजारांच्या आत बसतात. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात, ही मुळातली अडचण. हात सोयीचे ठेवले की मान वाकते, पडदा उंच केला की खांदे वर चढतात. माणसाचं डोकं ४.५ ते ५ किलोचं. ते दिवसभर पुढं झुकलेलं असलं की सगळा भार मानेच्या स्नायूंवर येतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा. आठवडाभर जाड पुस्तकांवर लॅपटॉप ठेवून बघा, फरक पडला तरच पैसे घाला.

कंबर दुखत असेल तर मात्र खुर्चीच. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं, टाइप करायला बहुतेकांना ते उंचच पडतं. म्हणून सीट वर-खाली होणारी हवी. पाय अधांतरी राहिले तर खाली पाट सरकवा. मागे टेकून बसल्यावर सीटची कड आणि गुडघ्यामागची बाजू यांत दोन-तीन बोटं मावायला हवीत. बुटक्या माणसाला मोठ्या 'बॉस' खुर्चीत ती मावत नाहीत, मग पाठ टेकतच नाही. ऑनलाइन मागवण्याआधी इथं नागपुरात बर्डीच्या बाजारात एखाद्या दुकानात पंधरा मिनिटं बसून या.

रेक्झिन की जाळी, हा प्रश्न नागपुरात तरी पडू नये. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ च्या आसपास असताना रेक्झिनला सदरा चिकटतो, आपण नकळत पुढं सरकतो आणि पाठीचा आधार वाया जातो. जाळीच्या पाठीतून कूलरची हवा लागते. तो झोत तेवढा डोळ्यांवर येऊ देऊ नका. पडद्याकडे बघताना पापण्या तशाही कमी लवतात, वाऱ्यानं डोळे आणखी कोरडे होतात.

एकच घेणं जमणार असेल आणि घरात पाठ असलेली बरी खुर्ची असेल, तर मी स्टँड घेईन. हातापायाला मुंग्या येत असतील तर दोन्ही राहू द्या, आधी डॉक्टरांकडे जा.

आणि अर्ध्या-पाऊण तासानं उठणं कुठल्याच खुर्चीनं चुकत नाही. मी टेबलावर बाटली ठेवत नाही, पेलाच ठेवते. तो रिकामा झाला की माठापर्यंत जावंच लागतं.