पीएमजी स्लॅबमधील डागडुजी केलेली नोट : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पंचम जॉर्ज यांचे चित्र आणि तत्कालीन सरकारी अधिकारी टेलर यांची सही असलेली पाच रुपयांची नोट मी काही महिन्यांपूर्वी पीएमजीच्या (नोटा तपासून त्यांचा दर्जा म्हणजे ग्रेड ठरवणाऱ्या कंपनीच्या) स्लॅबमध्ये, म्हणजे सीलबंद पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणात, घेतली. 1928 पासून नाशिक रोडच्या छापखान्यात नोटा छापल्या जाऊ लागल्या, त्या सुरुवातीच्या काळातली ही मालिका असल्याने आम्हा नाशिककर संग्राहकांना तिचे विशेष अप्रूप आहे. विक्रेत्याने व्यवहारापूर्वीच स्लॅब उलटा करून मागचा ‘मायनर रिस्टोरेशन’ (किरकोळ डागडुजी) हा शेरा दाखवला आणि किंमतही त्याच हिशेबाने सांगितली.

स्लॅबविषयी तक्रार नाही; अख्ख्या पावसाळ्यात नोटेला दमटपणा जाणवला नाही.

शेरा मात्र फार त्रोटक वाटतो. डागडुजी झाली एवढेच तो सांगतो; कुठे आणि कशी, हे ज्याचे त्याने शोधायचे. अंधाऱ्या खोलीत 365 नॅनोमीटरचा अतिनील (यूव्ही) टॉर्च धरला तेव्हा सारा कागद मंद राहिला आणि डाव्या समासात दोन ठिपके निळसर चमकले. हल्लीच्या कागदात व डिंकात उजळपणा आणणारी द्रव्ये बहुधा असतात, जुन्या कागदात ती नसत. दिव्यासमोर धरल्यावर तेच ठिपके भोवतालापेक्षा गडद दिसले, म्हणजे तिथली पिनहोल (टाचणीची बारीक भोके) भरलेली आहेत. ‘स्टेपल होल्स ॲट इश्यू’ (नोट चलनात येतानाच असलेली पिनांची भोके) या शेऱ्याशी याची गल्लत होऊ नये. रिझर्व्ह बँकेने 2001 मध्ये बँकांना पिना मारणे थांबवण्यास सांगेपर्यंत बंडले टाचलीच जात, त्यामुळे ती भोके नोटेच्या इतिहासाचा भाग ठरतात. भरलेले भोक नोटेचे रूप बदलते.

ग्रेडचा 1 ते 70 मधला आकडा दर्शनी बाजूला ठळक असतो आणि शेरा मागे, त्यामुळे केवळ पुढचा फोटो टाकून नोट विकणे फार सोपे जाते. अशाच एका नोटेसाठी दुसऱ्या एका विक्रेत्याकडे मी मागच्या लेबलाचा फोटो मागितला, तेव्हा बराच काळ उत्तर आले नाही. शेवटी आलेल्या फोटोत फाटलेली कड जोडल्याची नोंद होती. मी तो व्यवहार सोडला. ईपीक्यू (कागद मूळ स्थितीत असल्याची पीएमजीची नोंद) नसणे हीसुद्धा डागडुजीची खूण आहे, पण पुरावा नव्हे, कारण मूळ कागदाला धक्का लागण्याची कारणे अनेक असतात.

डागडुजीची नोट घेण्यास माझी हरकत नाही, आणि ही नोट मी पुन्हा घेईन. विकायची वेळ आली तर ‘डाव्या समासातील दोन पिनहोल भरलेली’ हे मी वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहीन आणि टॉर्चखालचा फोटो सोबत देईन.