पोटाच्या डॉक्टरी शब्दांची कार्डं: आठ महिने वापरल्यावर

आठ महिन्यांपूर्वी बाबांचा सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला आणि त्यातली एक ओळही नीट कळेना. त्याच आठवड्यात पचनसंस्थेच्या वैद्यकीय शब्दांचा दोनशे कार्डांचा संच घेतला. पुढे शब्द, मागे त्याची फोड आणि मराठी अर्थ. त्यानंतर एंडोस्कोपी झाली, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली, पुढच्या तपासण्या झाल्या. या सगळ्या काळात कार्डं रोज हाताशी होती, म्हणून सविस्तर लिहितेय.

संचाची खरी किंमत शब्दांच्या फोडीत आहे. बाबांच्या कागदावर ‘कोलेसिस्टेक्टोमी’ होतं. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टोमी म्हणजे काढून टाकणं. ‘आयटिस’ म्हणजे दाह हे आधी वाचलेलं असल्यामुळे ‘कोलेसिस्टायटिस’ कुणाला विचारावं लागलं नाही. गॅस्ट्रो जठराचं, एंटेरो आतड्याचं, हेपॅटो यकृताचं. असे पंचवीसेक तुकडे पक्के झाले की रिपोर्ट वाचताना धडधड कमी होते. शब्दांची शेपटं मात्र फार जपून शिकावीत. कोलोनोस्कोपी म्हणजे मोठं आतडं आतून पाहणं, कोलेक्टोमी म्हणजे त्याचा काही भाग किंवा सगळंच काढणं, कोलोस्टोमी म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर उघडणं. कानाला सारखे वाटणारे हे शब्द, आणि रुग्णासाठी किती वेगळे!

काही कार्डांवर शब्दाचा उगमही आहे, तो भाग मला मनापासून आवडला. ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, हे नाव ‘बारा’वरून आलं, बारा बोटांच्या रुंदीएवढी लांबी म्हणून, प्रत्यक्षात साधारण 25 सेंटिमीटर. पायलोरस म्हणजे द्वारपाल, जठरातून बाहेर पडण्याच्या वाटेवरचा. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूच्या नावात तोच आहे. बाबांना ड्युओडेनममध्ये अल्सर होता आणि बायोप्सीत हाच जंतू सापडला. ‘मी सारखी काळजी करतो, त्याचंच हे फळ,’ असं ते कित्येक वर्षं म्हणत आले होते. अशा अल्सरमागे बऱ्याचदा हाच जंतू असतो, मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांनी 1982 साली तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला आणि 2005 साली त्यांना नोबेल मिळालं, हे मी बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्या दिवसानंतर स्वतःला दोष देणं थांबलं.

आता उणिवा. ‘ॲक्यूट’च्या मागे नुसतं ‘तीव्र’ छापलंय. त्या एका शब्दापायी आम्ही एक रात्र जागून काढली. डॉक्टरांच्या भाषेत ॲक्यूट म्हणजे अचानक सुरू झालेलं, थोड्या काळाचं. क्रॉनिक म्हणजे बराच काळ चाललेलं, मग ते सौम्य का असेना. ‘अनरिमार्केबल’चं कार्डच नाही. त्याचा अर्थ ‘वावगं काही दिसलं नाही’ एवढाच, पण घाबरलेल्या माणसाला तो आधी कुणीतरी सांगायला हवा.

‘इलियम’ची चूक देवनागरीमुळे होते. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि कमरेचं हाड या दोघांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे. आपल्या लिपीत तोही उरत नाही. इथे ‘शेषांत्र’ हा शब्द ठळक द्यायला हवा होता.

‘मेलिना’च्या कार्डावर फक्त ‘काळा मल’ लिहिलंय, हे मला गंभीर वाटतं. डांबरासारखा काळा, चिकट मल म्हणजे बहुतेकदा अन्नमार्गाच्या वरच्या भागातला रक्तस्राव. लगेच डॉक्टर गाठायला हवा. लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो. दोन्ही गोष्टी कार्डावर हव्यातच. मी पेनाने लिहिल्या.

पण सगळ्यात जास्त अडलो ते आपल्याच शब्दांवर. आपण ‘पोट’ म्हणतो तेव्हा कधी जठर, कधी अख्खं उदर. आणि ‘पित्त’! शस्त्रक्रियेनंतर एकदा छातीत जळजळलं तेव्हा बाबांनी विचारलं, ‘पिशवी काढली ना गं, मग पित्त झालं कसं?’ कार्डावर कोले म्हणजे पित्त, विषय संपला. खरं तर बाइल हे पित्त यकृतात तयार होतं. पित्ताशयात ते फक्त साठतं, त्यामुळे पिशवी गेली तरी ते बनतच राहतं. आणि आपण जळजळीला पित्त म्हणतो ती बहुधा जठरातलं आम्ल अन्ननलिकेत वर आल्याने होते. हे मला पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारूनच कळलं.

घरात रिपोर्टांची फाइल वाढत असेल तर संच जरूर घ्या. रोज पाच कार्डं पुरेत. मात्र कार्डावरून निदान करू नका, प्रश्न काढा. माझ्या संचात शेवटी दहा कोरी कार्डं होती. त्यातल्या एकावर बाबांनी स्वतःच्या अक्षरात ‘पित्त’ लिहिलंय आणि मागे दोन्ही अर्थ, मध्ये रेघ मारून.