क्लाउडफ्लेअर आर-टू: ऐकणारे वाढले, बिल नाही

मुलांच्या गोष्टींचं आमचं छोटं ऑडिओ अ‍ॅप. 320 गोष्टी, एकेक साधारण 20 मिनिटांची. वहिनी गोष्टी सांगते, मी बिलं भरते. फाइली एका मोठ्या क्लाउडच्या मुंबई केंद्रात होत्या. तिथे ठेवायचं भाडं किरकोळ, पण बाहेर जाणाऱ्या दर जीबीला जवळपास 11 सेंट. महिन्याला 600 जीबी ऐकलं जायला लागलं आणि बिल साडेपाच हजारांवर गेलं. ऐकणारे वाढले की माझ्या पोटात गोळा!

म्हणून ऐकवायच्या प्रती आर-टूवर, म्हणजे क्लाउडफ्लेअर कंपनीच्या ऑनलाइन साठवणीवर हलवल्या. इथे डेटा बाहेर जाण्याचे पैसेच नाहीत. साठवणीचे जीबीमागे महिन्याला दीड सेंट, त्यातले पहिले 10 जीबी फुकट. आमचं सगळं मिळून साडेआठ, म्हणजे बिल शून्य. अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री साठवणीशी प्रोग्रॅम ज्या पद्धतीने बोलतात (एपीआय), तीच इथे चालते, त्यामुळे आरक्लोन हे फाइली हलवायचं साधन लावून रात्रीत काम उरकलं.

शून्याला भुलू नका मात्र, विनंत्या मोजल्या जातात, म्हणजे अ‍ॅपने किती वेळा फाइल मागितली ते. आम्ही गोष्टीचे 10-10 सेकंदांचे तुकडे करतो, म्हणजे एका ऐकण्यामागे 120 विनंत्या. महिन्याला अशा 1 कोटी वाचायच्या विनंत्या फुकट, आम्ही 40 लाखांच्या आत असतो. तुकडे 2 सेकंदांचे केलेत तर हाच आकडा पाचपट. शिवाय फाइली मुंबईतच ठेवा असं सांगता येत नाही, 'आशिया-पॅसिफिक' एवढंच सुचवता येतं. पुढे स्वतःचं डोमेन आणि कॅशे (ऐकणाऱ्याच्या जवळ ठेवलेली तात्पुरती प्रत) लावा, मग ते अंतर फारसं जाणवत नाही.

कॅशेत एक गाढवपणा मात्र माझा. चुकलेली गोष्ट त्याच नावाने पुन्हा चढवली आणि लोक दिवसभर जुनीच ऐकत बसले. आता फाइलीच्या नावातच आवृत्ती घालते.

दुसरी प्रत बॅकब्लेझ बी-टूवर, ही दुसऱ्या कंपनीची तशीच साठवण. आर-टूचा पत्ता 4 सेकंदांत बोलला नाही तर अ‍ॅप तिकडे वळतं. साठवलेल्याच्या तिप्पट डेटा तिथून महिन्याला फुकट निघतो. आमचे होतात 25 जीबी, एक दिवस निभावतो.

आवाजाचे दर्जे दोनच ठेवलेत, 128 आणि 48 केबीपीएस (सेकंदाला किती किलोबिट डेटा लागतो ते); रेंज कमी झाली की अ‍ॅप खालच्यावर येतं. रत्नागिरी-कोल्हापूर एसटीत मुद्दाम बसून पाहिलं. साखरप्याच्या पुढे घाट चढताना रेंज एका काडीवर आली, वहिनीचा आवाज डब्यातून आल्यासारखा झाला, पण गोष्ट तुटली नाही. वर आंबा गावी पोचेपर्यंत तो पुन्हा स्वच्छ, आणि इतका खणखणीत की कंडक्टरने हेडफोन लावायला सांगितलं.