चुंबक, चिप, हायड्रोजन किट की नुसती हवा: गाडीचं अ‍ॅव्हरेज नेमकं कशाने वाढतं?

गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढवायचंय आणि त्यासाठी दोन-चार हजार रुपये बाजूला काढून ठेवलेत, अशा माणसासाठी हे लिहितोय. समजा तुम्ही नाशिकच्या पाथर्डी फाट्याला राहता आणि नोकरीसाठी रोज सिन्नरच्या एमआयडीसीत गाडीने जाता. वर्षाचं रनिंग 15,000 किलोमीटर धरू, अ‍ॅव्हरेज 15चं आणि पेट्रोल 105 रुपये लिटर. म्हणजे वर्षाला 1,000 लिटर, एक लाख पाच हजार रुपये. अशा वेळी "20 टक्के बचत" ही जाहिरात दिसली की डोक्यात लगेच 21,000 चा आकडा येतो. दोन हजारांची वस्तू, एकवीस हजारांचा फायदा. मोह कोणालाही होईल.

बाजारात हा माल चार-पाच प्रकारांत मिळतो: पेट्रोलच्या नळीला बांधायचं चुंबक, ओबीडी पोर्टात (मेकॅनिक गाडी तपासायला मशीन जोडतो त्या सॉकेटात) किंवा लायटरच्या सॉकेटात खोचायची 'चिप', पाण्यातून हायड्रोजन काढणारं किट, हवेच्या पाइपात बसवायचा पत्र्याचा पंखा आणि टाकीत टाकायच्या बाटल्या-गोळ्या. बाटल्या सोडल्या तर बाकी सगळ्यांचा दावा फिरून फिरून एकाच ठिकाणी येतो: तुमच्या इंजिनात पेट्रोल पूर्ण जळत नाही, आम्ही ते जाळून देतो.

दावा तपासायचा तर घरात पीयूसीची पावती असेलच, ती काढा. त्यावर हायड्रोकार्बनचा आकडा असतो, म्हणजे न जळता बाहेर पडलेलं इंधन. तो पीपीएममध्ये, दहा लाखांत किती भाग असा मोजतात. बीएस-4 आणि पुढच्या पेट्रोल कारला मर्यादा 200 पीपीएमची, आणि धडधाकट गाडी त्याच्या बरीच खाली असते. हे मोजमाप कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून (धूर साफ करणाऱ्या डब्यातून) बाहेर पडल्यानंतरचं, हे खरं. पण कन्व्हर्टरच्या आधीसुद्धा निरोगी इंजिनात 95 टक्क्यांहून जास्त इंधन जळून गेलेलं असतं. खरोखरच वीस टक्के पेट्रोल न जळता सायलेन्सरकडे जात असतं, तर ते कन्व्हर्टरमध्ये पेटलं असतं आणि तो तापून लाल होऊन आतून वितळला असता. गाडीने चेक इंजिनचा दिवा कधीच लावला असता.

मग पेट्रोल जातं कुठे? उष्णतेत. जळलेल्या इंधनातली साधारण पाव ऊर्जा चाकांपर्यंत पोचते. बाकीची रेडिएटर, सायलेन्सर आणि घर्षण खातं. ही गळती खरी आहे आणि मोठी आहे, पण ती इंजिनाच्या रचनेतली आहे. नळीला बाहेरून काही बांधून ती थांबत नाही.

चुंबकवाले सांगतात की पेट्रोलचे रेणू सुटे होतात आणि फवारा बारीक होतो. पेट्रोल चुंबकाला दाद देणारा पदार्थ नाही, आणि फवारा किती बारीक व्हावा हे इंजेक्टरची भोकं आणि इंधनाचा दाब ठरवतो. आपल्या सातपूरला बॉशच्या कारखान्यात डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनतात. तिथली मापं मायक्रॉनमध्ये चालतात. नाशकात तिथे नोकरी केलेला एखादा काका-मामा प्रत्येकाच्या ओळखीत निघतोच. त्याला विचारा की एवढं घासून-पुसून झाल्यावर चुंबकाला करायला काय उरतं. हसेल तो.

चिपचं प्रकरण त्याहून सोपं. ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, प्रोग्रॅम प्रत्येक कंपनीचा, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. काहीशे रुपयांची एकच डबी मारुतीपासून महिंद्रापर्यंत सगळ्यांचा प्रोग्रॅम "शिकते" आणि बदलते, हे मुळात पटण्यासारखं नाही. लोकांनी अशा डब्या उघडून पाहिल्या आहेत. आत लुकलुकणारे एलईडी, एक साधी चिप, आणि गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायला लागणारा भागच नाही. लायटरमध्ये खोचायच्या डबीची तर ईसीयूपर्यंत तारही जात नाही. हिच्यातली चांगली गोष्ट एकच: नुकसान फक्त तेवढ्याच पैशांचं.

हायड्रोजन किटबद्दल तसं म्हणता येत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. हायड्रोजन उत्तम जळतो, त्यात खोटं काही नाही. पण पाणी फोडायला वीज लागते, वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटर इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. या साखळीत प्रत्येक पायरीवर घट आहे: इंजिनात तीन चतुर्थांश ऊर्जा गेली, अल्टरनेटरमध्ये आणखी, पाणी फोडताना आणखी, आणि उरलेला हायड्रोजन पुन्हा त्याच इंजिनात जाळायचा. शेवटी हातात आलेलं नेहमी घातलेल्यापेक्षा कमीच. शिवाय त्या वायूत ऑक्सिजनही असतो. तो ऑक्सिजन सेन्सरला दिसला की ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ते उलट वाढवतं. त्यावर उपाय म्हणून किटवाले सेन्सरला फसवणारं आणखी एक सर्किट विकतात! वायरिंग कापलं की वॉरंटी धोक्यात, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मंजुरीशिवाय गाडीत असे फेरफार चालत नाहीत. बॉनेटखाली ज्वलनशील वायू बनवणारी बरणी आहे म्हटल्यावर अपघाताच्या क्लेमच्या वेळी विमा कंपनी काय विचारेल, ते वेगळंच.

पत्र्याच्या पंख्याला दोन ओळी पुरेत. हवेला भोवरा द्यायचं काम इंजिनाच्या हवेच्या वाटा आणि पिस्टनचा माथा आधीच करतात. मध्ये पंखा घातला की हवेला अडथळा होतो, एवढंच.

बाटल्यांमध्ये मात्र थोडं तथ्य आहे. इंजेक्टर साफ करणारं चांगलं डिटर्जंट साठलेली काजळी काढतं आणि गाडी अडखळत असेल तर फरक जाणवतो. पण तो गेलेलं अ‍ॅव्हरेज परत आणण्यापुरता. नव्या, नीट चालणाऱ्या गाडीत काही वाढत नाही. गोळ्यांच्या वाटेला जाऊ नका.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1970च्या दशकापासून अशी शंभराहून जास्त उपकरणं तपासली. बहुतेकांचा उपयोग शून्य, मोजक्यांचा किरकोळ, आणि काहींनी धूर वाढवला. किरकोळ फायदा दिसलेल्यांत वेग घेताना एसीचा कॉम्प्रेसर बंद करणारी उपकरणं होती. ते काम बोटानेही होतं. आपल्याकडे विक्रेता आयएसओचं सर्टिफिकेट पुढे करतो. आयएसओ 9001 म्हणजे कारखान्याच्या कामाची पद्धत नीट आहे एवढंच. वस्तूने पेट्रोल वाचतं असा त्याचा अर्थ नाही. पुण्याच्या एआरएआयचा (गाड्यांची अधिकृत चाचणी करणाऱ्या संस्थेचा), त्या वस्तूसकट आणि त्या वस्तूविना घेतलेला चाचणीचा अहवाल मागा. पुढचं संभाषण बहुधा लवकर आटोपेल.

"पण माझ्या मित्राला फरक पडला की!" पडला असेल. डबी लावल्यावर माणूस मीटरकडे बघत हळू चालवतो, आणि फायदा पायाचा असला तरी श्रेय डबीला जातं. दुसरं कारण खास आपलं नाशिककरांचं आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटरवर. डबी लावून मुंबईला गेलात तर कसारा घाट उतरायचा असतो. हजार-बाराशे किलोची गाडी तेवढी उंची चढवायला पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जादा लागतं. उतरताना ते सगळं नाही तरी बऱ्यापैकी वसूल होतं. ठाण्याला पोचेपर्यंत स्क्रीनवर झकास आकडा दिसतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जातो. परतीचा फोटो कोणी टाकत नाही. घ्यायचीच असेल चाचणी तर त्याच रस्त्यावर जाऊन-येऊन, त्याच पंपाच्या त्याच नोझलवर पहिल्या कटऑफपर्यंत टाकी भरून, तीन-चार टाक्या डबीसह आणि तीन-चार डबीविना अशी घ्या.

आता तेच दोन-चार हजार दुसरीकडे लावले तर?

टायरमधली हवा पंपावर फुकट मिळते. ड्रायव्हरच्या दाराशी खांबावर स्टिकर असतो, त्यातला आकडा टायर थंड असताना ठेवायचा. चारही टायरांत एक पीएसआय कमी म्हणजे सुमारे 0.2 टक्के पेट्रोल जास्त. महिना-दोन महिने न बघता टायर आठ-दहा पीएसआयने उतरले असतील, तर वर्षाचे दोन हजार रुपये तिथेच आहेत. नायट्रोजनला पैसे देऊ नका. हवेत तो 78 टक्के असतोच.

वेगाचा हिशेब याहून मोठा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 ऐवजी 120 ला गेलात की सव्वादोन पट. इगतपुरीहून समृद्धी पकडली की काटा आपोआप 120 ला जातो. 90-95 ला चालवून एकदा पाहा, कोणत्याही डबीच्या जाहिरातीपेक्षा जास्त फरक दिसेल. शहरात उभं इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर पितं, म्हणून द्वारकेला किंवा मुंबई नाक्याला लांब सिग्नल दिसला की बंद करा. एअर फिल्टर वेळेवर बदला, पण आजच्या इंजेक्शनच्या गाडीत त्याने अ‍ॅव्हरेज वाढेल ही आशा नको; तो फायदा कार्बोरेटरच्या जमान्यातला.

ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून अ‍ॅव्हरेज पडल्याची तक्रार घेऊन डबीकडे वळलेलेही बरेच आहेत. तक्रारीत तथ्य आहे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यातच जुन्या रचनेच्या चारचाकींना 6-7 टक्के आणि ई-10 साठी बनवून ई-20 ला जुळवलेल्यांना 1-2 टक्के घट धरली होती. लिटरमध्ये जी ऊर्जा नाहीच, ती चुंबक कुठून आणणार?

रुपयांत मोठी बचत हवी असेल तर एकच गोष्ट खरोखर तुलनेत उतरते: मंजूर सीएनजी किट. वरच्याच 15,000 किलोमीटरला किलोमागे 20चं अ‍ॅव्हरेज धरलं तर 750 किलो गॅस. हिशेबापुरता भाव 95 धरला तर 71,250 रुपये. वर्षाला 33-34 हजार सुटतात. किट आणि बसवणूक 65 हजारांच्या आसपास पडली तर दोन वर्षांत वसूल. त्या बदल्यात डिकी जाते, चढाला गाडी थोडी मंद वाटते, पंपावर रांग लावावी लागते, आरसी बुकावर आरटीओची नोंद आणि विम्यात बदल करावा लागतो, आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली तपासणी). रनिंग वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच असेल तर वसुलीला पाच वर्षं लागतील. मग स्टिकरवरची हवा भरा आणि सीएनजीचं गाडी बदलताना बघा.